निवासी शाळेत नेतृत्व बदलते तेव्हा वसतिगृहाचे काय होते?

उद्यमनगर :

कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका विनाअनुदानित निवासी शाळेचा मी माजी विद्यार्थी आहे आणि गेली तीन वर्षे तिच्या शाळा समितीवर माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेपुरता नाही आणि त्यात गुंतलेली सर्व माणसे माझ्या आदराची आहेत.

पाचवीत असताना वडील मला पत्र्याच्या ट्रंकेसह तिथे सोडून परत गेले, त्या रात्री शाळा सुरू करणारे सर कंदील घेऊन आमच्या खोलीत आले आणि प्रत्येकाच्या अंगावर पांघरूण आहे की नाही हे पाहून गेले. पुढची पाच वर्षे हे रोज घडले. सर शिकवत उत्तम, परंतु आज चाळीस वर्षांनी त्यांचा एखादा तास आठवण्याआधी मला तो कंदील आठवतो. ते राहत होते वसतिगृहाखालच्या दोन खोल्यांत, आणि त्यांच्या खोलीचे दार आतून लावलेले मी कधी पाहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी वयोमानामुळे सरांनी काम थांबवले. विश्वस्तांनी मोठ्या शहरातील एका नावाजलेल्या शाळेत काम केलेले, अनुभवी आणि सचोटीचे गृहस्थ संचालक म्हणून आणले. त्यांनी पहिल्याच जूनमध्ये अनेक गोष्टी बदलल्या. मोठ्या मुलांनी लहान मुलांवर देखरेख करण्याची मॉनिटरची पद्धत बंद केली. पहाटेचे श्रमदान बंद केले. भोजनालय ठेकेदाराकडे दिले. वीस-वीस वर्षे राहिलेल्या तीन गृहपतींपैकी दोघांना निवृत्त करून एका संस्थेमार्फत आलेले तरुण पर्यवेक्षक नेमले, जे दर काही महिन्यांनी बदलतात. संध्याकाळच्या अभ्यासाचे तास वाढवले आणि वर्गांत नवी साधने आणली. यातले बरेचसे निर्णय कागदावर योग्य होते, आणि मॉनिटरची पद्धत बंद करण्याचा निर्णय तर फार पूर्वी व्हायला हवा होता, हे मी स्वतः तिच्याखाली राहिलेला मुलगा म्हणून सांगतो. तरीही दिवाळीची सुट्टी संपल्यावर काही पालकांनी मुले परत पाठवली नाहीत. आजारी खोलीत पोटदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढली. डॉक्टरांना त्यातल्या बहुतेकांच्या पोटात काही सापडले नाही.

माझा फौंड्रीचा व्यवसाय आहे. साच्यात ओतलेला रस बाहेरून गोठलेला दिसतो, पण आत तो बराच वेळ द्रव असतो, आणि घाईने साचा फोडला तर वस्तू वाकते किंवा तडकते. शाळेबाबत असे काही घडले काय, की मुळात आम्ही बदलाची सुरुवातच चुकीच्या जागेपासून केली? माझे मत आता असे होत चालले आहे की निवासी शाळेतला बदल वर्गात ठरत नाही, तो शेवटची घंटा झाल्यानंतर ते सकाळच्या प्रार्थनेपर्यंतच्या वेळात ठरतो, आणि त्या वेळाचे नेतृत्व कोणाकडे आहे हे आमच्यापैकी एकाही विश्वस्ताने विचारले नाही. ज्यांनी अशा शाळांत काम केले आहे, मुले ठेवली आहेत किंवा स्वतः राहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दसराचौक :

मी इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून आपल्याच गावाच्या इतिहासातून सुरुवात करतो. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, आणि दसरा चौकात उभे राहिले तरी त्याची साक्ष पटते. परंतु ही वसतिगृहे एका फटक्यात, एका आराखड्याबरहुकूम उभी राहिली नाहीत, हे आपण सहसा सांगत नाही.

राजर्षी शाहू महाराज स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले होते. ती संस्थानिकांच्या मुलांसाठी इंग्लंडमधील निवासी शाळांच्या धर्तीवर काढलेली शाळा होती. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आल्यानंतर दोनच वर्षांत, म्हणजे १८९६ मध्ये, त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. हेतू उदार होता, पण अनुभव असा आला की व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्याच जातीची मुले तिथे राहू लागली आणि खेड्यांतून येणाऱ्या बहुजन मुलांना जागा मिळेना. महाराजांनी या अनुभवावरून मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक समाजातील कर्त्या माणसांवर व्यवस्थापनाची जबाबदारी टाकली आणि दरबाराने जागा व निधीची मदत केली. आपलाच पहिला प्रयोग फसला हे पाच वर्षांत ओळखून रचना बदलणे ही नेतृत्वाची मोठी कसोटी असते, आणि ती महाराजांनी पार केली.

आता या कथेचा दुसरा भाग. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. ज्याला एका नियमापायी वसतिगृहाबाहेर पडावे लागले, त्याने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह उभे केले, जिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र कष्ट करीत आणि एका पंगतीला बसत. त्या वसतिगृहाला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले. महाराजांची समाजवार रचना त्यांनी पुढे नेली नाही, ती बदलली, आणि तरीही नाव महाराजांचे राखले. वारसा आणि बदल एकाच कृतीत कसे सामावतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. उद्यमनगर, आपण श्रमदान बंद झाल्याचे लिहिले आहे, म्हणून हेही सांगतो की भाऊरावांच्या वसतिगृहात श्रम हा खर्च भागवण्याचा मार्ग होता आणि जातीचा अहंकार मोडण्याचाही. एखादी प्रथा बंद करण्यापूर्वी ती कोणते काम करीत होती हे नव्या संचालकांना कोणी सांगितले होते काय?

इचलकरंजीचे_पालक :

माझी मुलगी सहावीपासून निवासी शाळेत आहे. आमच्याही शाळेत प्राचार्य बदलले, आणि ती बातमी आम्हाला मुलीच्या रविवारच्या फोनवरून कळली. शुल्कवाढीचे पत्र मात्र वेळेवर आले. बदल करण्याचा व्यवस्थापनाचा अधिकार मला मान्य आहे. पण ज्या माणसाच्या भरवशावर मी मूल दुसऱ्याच्या छपराखाली ठेवतो, तो माणूस बदलला तर ते मला आधी समजले पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

रेक्टरताई :

मी बावीस वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. माझ्या काळात पाच प्राचार्य आले आणि चार गेले. त्यांपैकी फक्त एका मॅडमनी रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला बोलावून विचारले, “ताई, रात्री इथे काय काय होते ते मला सांगा.” बाकीच्यांनी शिक्षकांच्या बैठका घेतल्या, ज्यांत रेक्टर, मेसच्या मावशी, परिचारिका आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना बोलावण्याची पद्धतच नाही.

रात्री काय होते ते इथे लिहिते. सातला जेवण. ज्या मुलीने ताटात भाकरी अर्धी टाकली ती मावशींच्या लक्षात येते, कारण मावशी ताट घासणाऱ्या आहेत. वर्गशिक्षकांना ते दिसणार नाही. आठ ते दहा अभ्यास. या वेळेत रडणारी मुलगी पुस्तक वर धरून रडते. साडेदहाला दिवे बंद. त्यानंतरचा तास सर्वांत अवघड. कोणाला पहिल्यांदा पाळी येते, कोणाला घरची भांडणे आठवतात, कोणाच्या पलंगावर कोणीतरी पाणी ओतलेले असते आणि ते कोणी ओतले हे तिला माहीत असूनही ती सांगत नाही. दोन वाजता ताप चढतो. पालकांना फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचे हा निर्णय त्या क्षणी प्राचार्य घेत नाहीत, तो मी घेते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराच्या वेळी महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहरात राहणारे आमचे सगळे वरिष्ठ कितीतरी दिवस शाळेपर्यंत पोहोचू शकले नाहीत. तेव्हा डाळ-तांदूळ किती दिवस पुरेल याचा हिशेब मेसच्या मावशींनी केला, पालकांचे फोन मी घेतले, आणि मोठ्या मुलींनी लहान मुलींच्या खोल्यांत अंथरुणे टाकली. पूर ओसरल्यावर झालेल्या सभेत सर्वांचे आभार मानले गेले. मावशींचे नाव त्यात नव्हते, ते मी उभी राहून घेतले.

उद्यमनगर दादा, तुम्ही लिहिलेल्या पोटदुखीचा अर्थ मी सांगू शकते. लहान मूल “मला घरी जावेसे वाटते” असे म्हणत नाही, ते “पोटात दुखते” म्हणते, आणि कोणाला सांगायचे हे माहीत असले तरच म्हणते. दर तीन महिन्यांनी माणूस बदलला की ते सांगायला आजारी खोलीत जाते, कारण तिथली परिचारिका तरी तीच असते. तुमच्या मुलांनी परिचारिकेची निवड केली आहे. संचालकांनी तिच्याशी बोलावे.

पण मी जुन्याची वकिली करायला आलेली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिते. आमच्याकडे पूर्वी एक पद्धत होती की मुलींची घरी जाणारी पत्रे रेक्टरने वाचून मगच टाकायची. मी स्वतः कित्येक वर्षे ती पत्रे वाचली. हेतू काळजीचा होता, पण त्यामुळे तक्रार ज्यांच्याविरुद्ध असेल त्यांच्याच हातून ती बाहेर जाणार, अशी व्यवस्था झाली होती. त्या मॅडमनी ती पद्धत बंद केली आणि फोनसाठी दाराआडची जागा करून दिली. पहिल्या महिन्यात माझ्याविरुद्ध तीन तक्रारी गेल्या. त्यांपैकी एक खरी होती. ती वाचून मला झोप आली नाही, आणि त्यानंतर माझे वागणे बदलले. मला आधी विश्वासात घेतले होते म्हणून मी तो बदल सोसू शकले. वरून आदेश आला असता तर मी बहुधा त्या फोनपाशी खुर्ची टाकून बसले असते.

स्पष्टवक्ता_करवीर :

रेक्टरताईंच्या अनुभवाला नमस्कार करून मी एक विरोधी मुद्दा मांडतो. या धाग्यात हळूहळू असा सूर उमटतो आहे की बदल सावकाश व्हावा, सर्वांना बरोबर घेऊन व्हावा. मी आठवीत असताना एका निवासी शाळेत मोठ्या मुलांनी मला दोन वर्षे मारले. शिक्षकांना ठाऊक होते. “यातूनच मुले घडतात,” असे सांगितले जाई. एखादा नवा मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी ते बंद करू शकला असता, आणि त्याने जर जुन्या लोकांना विश्वासात घेण्यासाठी एक वर्ष घेतले असते, तर ते वर्ष माझ्या पाठीवर गेले असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना स्पष्ट मनाई केली आहे. ज्या इंग्लंडकडून आपण ही मॉनिटर-प्रीफेक्टची रचना घेतली, तिथे खासगी शाळांतील छडीवर कायद्याने पूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडावे लागले. परंपरेचा मान राखत बसलेल्या संस्था मुलांच्या वेदनेबाबत किती सावकाश चालतात, याचा हा पुरावा आहे. उद्यमनगर यांच्या संचालकांनी पहिल्याच जूनमध्ये मॉनिटरची पद्धत मोडली, याबद्दल मी त्यांचे मनापासून अभिनंदन करतो.

उद्यमनगर :

स्पष्टवक्ता, आपण जे सोसले त्याबद्दल मला अत्यंत वाईट वाटते, आणि आपला मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. मुलाच्या अंगाला आणि मनाला इजा करणारी गोष्ट त्याच दिवशी थांबली पाहिजे. तिथे चर्चेला जागा नाही. माझ्या पहिल्या लिखाणात मी सर्व बदल एकाच माळेत ओवले, ती माझी चूक झाली. मारहाण थांबवणे वेगळे आणि गृहपती बदलणे वेगळे.

तरी एक गोष्ट विचारार्थ ठेवतो. मॉनिटर काढले तेव्हा रात्री त्या खोल्यांत लहान मुलांबरोबर कोण असणार याची व्यवस्था आम्ही केली नाही. मॉनिटर मारत असे हे खरे. पण आग लागली किंवा एखाद्याला फिट आली, तर धावत खाली जाणाराही तोच होता. वाईट माणसाच्या हाती असलेले आवश्यक काम आम्ही माणसाबरोबरच काढून टाकले. परिणाम असा झाला की मोठ्या मुलांची दहशत संपली नाही, तिचे फक्त पद गेले. आता ती दिवे मालवल्यानंतर चालते आणि पर्यवेक्षकाला नावेसुद्धा पाठ नाहीत.

थेम्सकाठचा_रंकाळा :

मी मूळचा रंकाळ्याजवळचा, आणि गेली अनेक वर्षे इंग्लंडमधील एका निवासी शाळेत गणित शिकवतो व एका हाउसमध्ये, म्हणजे मुलांच्या निवासगृहात, साहाय्यक म्हणून राहतो. वरच्या चर्चेला धरून दोन जुने दाखले देतो, कारण उद्यमनगर यांना पडलेला प्रश्न इथे दोनशे वर्षांपूर्वी पडला होता.

थॉमस अर्नोल्ड १८२८ मध्ये रग्बी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या काळी अनेक मुले शाळेबाहेरच्या भाड्याच्या घरांत राहत, जी चालवणाऱ्या बायकांचा शिक्षणाशी संबंध नसे. अर्नोल्ड यांचे नाव प्रीफेक्ट पद्धतीमुळे सर्वत्र झाले, पण मला त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी असे ठरवले की यापुढे असे घर रिकामे झाले की ते शिक्षकाच्याच ताब्यात द्यायचे. कोणाला हाकलले नाही. जशी घरे मोकळी होत गेली तशी ती शिक्षकांकडे आली, आणि ज्याने दिवसा शिकवले त्याच्यावरच रात्रीची जबाबदारी आली. आज आम्ही ज्याला हाउसमास्टर म्हणतो ते पद त्यातून भक्कम झाले. दुसरे एडवर्ड थ्रिंग, जे १८५३ ते १८८७ अशी चौतीस वर्षे अपिंगहॅम शाळेचे मुख्याध्यापक होते. प्रत्येक हाउसमध्ये साधारण तीसच मुले असावीत आणि प्रत्येक मुलाला स्वतःची छोटी अभ्यासाची खोली व झोपण्याचा आडोसा असावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला माझे म्हणून एक दार नाही त्याला घर वाटणार नाही, हा त्यामागचा विचार. १८७६ मध्ये गावात विषमज्वराची साथ असताना त्यांनी सगळी शाळा उचलून वेल्सच्या किनाऱ्यावरील बोर्थ या गावी नेली आणि तिथे वर्षभर चालवली. इमारत मागे राहिली, पण माणसे व मुले बरोबर असल्याने शाळा तुटली नाही.

उद्यमनगर, आपल्या शाळेत नेमके उलट घडले असे मला वाटते. इमारत राहिली आणि माणसे गेली.

आजच्या इंग्लंडबद्दल एकच गोष्ट सांगतो, जी आपल्याकडे उद्यापासून करता येईल. इथे निवासी शाळांसाठी सरकारने किमान मानके ठरवली आहेत आणि त्यांनुसार तपासणी होते. त्यांत असे आहे की पालक नसलेली आणि शाळेच्या नेतृत्वाशी संबंध नसलेली किमान एक व्यक्ती अशी असली पाहिजे, जिला मूल थेट संपर्क करू शकेल. तिचे नाव व क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लावलेला असतो. अशी मानके चांगल्या मनाने आपोआप आली नाहीत. येथील अनेक निवासी शाळांतील मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे उघड झाली, त्यांवर राष्ट्रीय पातळीवर चौकशी झाली, आणि त्यांत बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांनी व विश्वस्तांनी शाळेचे नाव सांभाळण्यासाठी मुलांकडे पाठ फिरवल्याचे समोर आले. कोल्हापुरात बाहेरची व्यक्ती शोधणे अवघड नाही. निवृत्त परिचारिका, एखाद्या डॉक्टर, एखादी समुपदेशक मिळू शकेल.

शुल्काबाबत पालकांनी लिहिले आहे म्हणून सांगतो, इथेही १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आहे, आणि खर्च कमी करायचा म्हटले की पहिली नजर वसतिगृहातील मनुष्यबळाकडे जाते. ही ओढ सगळीकडे सारखीच आहे.

न्यायसंकुल :

मी वकील आहे आणि शैक्षणिक संस्थांचे दावे पाहतो. नेतृत्वाच्या प्रश्नाची एक कायदेशीर बाजू आहे, जी विश्वस्तांच्या लक्षात बहुधा उशिरा येते.

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदान असो वा नसो, १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू होते. त्या नियमांनुसार मुख्याध्यापकपदी सर्वसाधारणपणे पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाचीच नेमणूक करावी लागते. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. डावलला गेलेला शिक्षक तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. म्हणून बाहेरून माणूस आणायचा असला की संस्था “संचालक” असे पद निर्माण करतात. मुख्याध्यापक ज्येष्ठतेने येतात, संचालक मुलाखतीने. दोघांचे अधिकार कोणीही लेखी ठरवत नाही. दिवसा ते कसेबसे निभते. रात्री दोन वाजता तक्रार आली की गृहपतीने कोणाला उठवायचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे मी न्यायालयात गेलेली प्रकरणे पाहिली आहेत.

बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे २०१२ चा पॉक्सो, याबाबत संदिग्धतेला जागाच नाही. अत्याचार झाल्याचे समजले किंवा तशी शंका आली, तर १९ व्या कलमानुसार ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर २१ व्या कलमाखाली त्याला एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. आधी अंतर्गत चौकशी करू, मग पाहू, असे म्हणण्याची मुभा गृहपतीला नाही, मुख्याध्यापकाला नाही आणि विश्वस्तांनाही नाही. ठेकेदारामार्फत आलेले पर्यवेक्षक हा माझ्या दृष्टीने आपल्या शाळेतील सर्वांत गंभीर भाग आहे, कारण त्यांची पूर्वपडताळणी कोणी केली हे विचारल्यावर शाळा ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार शाळेकडे.

विश्वस्तांसाठी एक विनंती. धोरण ठरवा, हिशेब पाहा, प्रमुख नेमा आणि त्याला कामासाठी वेळ द्या. मेसमधील भाजी कोणती असावी याचा फोन विश्वस्ताने थेट आचाऱ्याला केला की त्या दिवसापासून प्रमुख हा प्रमुख राहत नाही.

दसराचौक :

न्यायसंकुल यांच्या मुद्द्याला जोडून एक पुरवणी. प्रमुख आतला असावा की बाहेरचा, यावर आपण फार वाद घालतो. डेहराडूनची डून स्कूल १९३५ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमधून आले होते, आणि १९४८ मध्ये त्यांची जागा घेतलेले जॉन मार्टिन सुरुवातीपासून त्याच शाळेत शिकवत होते. याउलट अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ पासून राजपुत्रांसाठी चाललेले. संस्थाने गेल्यावर त्याला नवे रूप देण्याची वेळ आली, तेव्हा १९५४ मध्ये डूनमध्ये दीर्घकाळ शिकवलेले जॅक गिब्सन तिथे प्राचार्य म्हणून गेले आणि १९६९ पर्यंत राहिले. एका शाळेला घडी स्थिर करणारा माणूस हवा होता, दुसरीला मोडून नव्याने बसवणारा. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती, आलेला माणूस दीर्घकाळ तिथेच, परिसरात राहिला. आपले संचालक कुठे राहतात, हे उद्यमनगर यांनी सांगितलेले नाही.

उद्यमनगर :

सर, ते कोल्हापुरात राहतात आणि रोज ये-जा करतात. सरांच्या त्या दोन खोल्यांत आता सर्व्हर आणि जुनी दप्तरे आहेत. हे वाक्य लिहिताना मला जितके वाईट वाटले तितके गेल्या तीन वर्षांत कोणत्याही बैठकीत वाटले नव्हते.

आपणा सर्वांचे लिखाण मी छापून संचालकांना नेऊन दिले. ते रागावतील अशी मला धास्ती होती. त्यांनी ते दोन दिवस ठेवून घेतले आणि मग मला बोलावले. म्हणाले की नेमणुकीच्या वेळी निकाल, प्रवेशसंख्या आणि इमारत या तीनच गोष्टी विश्वस्तांनी त्यांच्यापुढे ठेवल्या होत्या, वसतिगृहाचा विषय कोणी काढलाच नाही, आणि सरांची भेट घ्यावी असेही कोणी सुचवले नाही. हा दोष त्यांचा नाही, आमचा आहे. एका माणसाने आयुष्य घालून जे काम केले त्याला आम्ही कधी नावच दिले नाही, म्हणून ते दुसऱ्याकडे सोपवताही आले नाही.

परवा शाळा समितीची बैठक झाली. निवृत्त केलेल्या दोन गृहपतींपैकी एकाने परत येण्यास होकार दिला आहे. दुसऱ्यांची प्रकृती आता साथ देत नाही. पर्यवेक्षकांचा ठेका मार्चमध्ये संपतो, त्यानंतर शाळाच त्यांची नेमणूक करील आणि प्रत्येकाची पोलीस पडताळणी होईल. मॉनिटरची पद्धत परत येणार नाही. प्रत्येक मजल्यावर एक प्रौढ माणूस झोपेल, त्याचा खर्च नव्या संगणक कक्षाच्या रकमेतून काढायचा, यावर दोन विश्वस्तांनी कडाडून विरोध केला आणि ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. संचालक आणि मुख्याध्यापक यांच्या अधिकारांचा लेखी मसुदा न्यायसंकुल यांच्या सूचनेप्रमाणे तयार होत आहे. बाहेरची व्यक्ती म्हणून जवळच्या गावातील एका निवृत्त परिचारिकेशी बोलणी चालू आहेत.

श्रमदानाचा निर्णय झाला नाही. संचालकांचे म्हणणे असे की ठेकेदाराचे पैसे वाचवण्यासाठी मुलांकडून काम करून घेतले जाते असे पालकांना वाटू नये, आणि ते मला पटते. दसराचौक सरांचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला आहे. रेक्टरताई, पुढच्या बैठकीला गृहपती, परिचारिका आणि भोजनालयातील मावशी यांना पहिल्यांदाच निमंत्रण गेले आहे. तुम्ही त्या मॅडमना पहिल्या आठवड्यात जे सांगितले, त्यातले काय आधी विचारावे हे मला लिहून पाठवाल का?

रेक्टरताई :

पाठवते, दादा. पण बैठक दुपारी तीनला ठेवू नका. त्या वेळी मावशी रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी करतात आणि परिचारिका खेळाच्या मैदानावर असते. सकाळी मुले वर्गात गेल्यावर, साडेदहाला ठेवा. आणि संचालकांना सांगा की त्यांनी त्या आधीची एक रात्र शाळेतच मुक्काम करावा, कोणालाही पूर्वसूचना न देता नव्हे, सर्वांना सांगून. मुलांना कळू दे की ते तिथे झोपले आहेत आणि कोणत्या खोलीत आहेत.

उद्यमनगर :

साडेदहाची वेळ कळवली. शनिवारी रात्री ते मुक्काम करणार आहेत. त्या दोन खोल्यांतील दप्तरे हलवायला मी शुक्रवारी कारखान्यातील दोन माणसे घेऊन जातो आहे.